नेटवर्क मार्केटिंग: आयडी लागली, आता पहिलं गिऱ्हाईक कसं मिळवू?

मिरजेची_शिलाई

नमस्कार मंडळी. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. दोन महिन्यांपूर्वी नणंदेच्या मैत्रिणीने माझी एका कंपनीत आयडी लावली, म्हणजे विक्रेती म्हणून नाव नोंदवलं. साबण, टूथपेस्ट, भांड्यांचं लिक्विड, फरशी पुसायचं, चहा, प्रोटीन पावडर असा माल आहे. पहिली खरेदी ४,२०० ची केली, दुसऱ्या महिन्यात "अ‍ॅक्टिव्ह राहायचं तर एवढी लागतेच" म्हणून २,५०० ची. दोन्ही मिळून पेआउट, म्हणजे कंपनीकडून कमिशन, आलं ३१२ रुपये.

अपलाइन ताई (ज्यांच्या खाली माझी आयडी आहे त्या) म्हणतात, शंभर नावांची लिस्ट काढ. फोनवर कंपनीचं नाव सांगू नकोस, नुसतं "एका कामाबद्दल बोलायचंय" म्हणून घरी बोलाव, बाकी आम्ही प्लॅन (कमिशन कसं मिळतं ते) दाखवतो. माझी लिस्ट चाळीसच्या पुढे जात नाही. त्यातल्या मावसबहिणीला बोलावलं, ती जेवणाच्या वेळेला आली, आणि मीटिंग आहे हे कळल्यावर तिचा चेहरा उतरला. पानावरून उठली नाही, पण नंतर तिने फोनही केला नाही.

मला हे सोडायचं नाही. माल मला आवडलाय आणि शिलाईच्या जोडीला महिन्याला दोन-अडीच हजार सुटले तर मुलीची क्लासची फी निघेल. आता ११,००० ची खरेदी करून वरची पिन (पायरी) घे, मग टक्केवारी वाढेल, असं सांगतायत. घेऊ का? या धंद्यात नवीन माणसाने सुरुवात नेमकी कशी करायची? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

कृष्णाकाठ

ताई, मी नऊ वर्षं हे काम करतोय, कंपनी वेगळी. आधी तातडीचं: ११,००० ची खरेदी करू नका. ज्या घरात महिन्याला चारशेचा साबण-पेस्ट लागतो तिथे अकरा हजारांचा माल कपाटात पडून राहणार आणि तारीख उलटणार. पहिल्या वर्षी माझ्या पलंगाखाली चार खोकी होती. त्यातली दीड मी नंतर फुकट वाटली.

आता सुरुवात. पहिले दोन महिने कोणाचीही आयडी लावायची नाही असं स्वतःला सांगा. फक्त माल विकायचा, तोही एमआरपीला किंवा त्याच्या जवळपास, आणि ज्याला आयडी नको आहे अशा माणसाला. असं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आपणहून मागायला आलं की समजायचं, माल चालतोय. ते होत नसेल तर शंभरच काय, हजार नावांची लिस्ट काढली तरी त्यातून काही निघणार नाही.

माल विकायच्या आधी तो मोजायला शिका. माझं उदाहरण देतो. "आपला फरशी क्लीनर कॉन्सन्ट्रेट आहे, स्वस्त पडतो" असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो. एका शाळेच्या शिपाईमामांनी विचारलं, बादलीला किती पडतं? मला सांगता येईना. घरी येऊन खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण घेतलं आणि बसलो. ५०० मिलीची बाटली २६० ची, बादलीला १० मिली, म्हणजे ५० बादल्या, म्हणजे बादलीला ५ रुपये २० पैसे. दुकानातली लिटरची बाटली २०० ची, बादलीला २५ मिली, म्हणजे ४० बादल्या, बादलीला ५ रुपये. आमचाच वीस पैशांनी महाग निघाला! त्या दिवसापासून मी तो स्वस्त म्हणून विकत नाही. वास हवा असणाऱ्याला देतो. भांड्यांच्या लिक्विडचा हिशोब मात्र खरोखर आपल्या बाजूने लागला, आणि आज माझा निम्मा धंदा त्या एका मालावर आहे.

तुमच्याकडे तर आयती सोय आहे. बाई मापं द्यायला येते, पंधरा-वीस मिनिटं तुमच्या घरात असते. तिला प्लॅन दाखवू नका. दुधाचं करपलेलं पातेलं मोरीत असेल तर तिच्यासमोर थोडं लिक्विड गरम पाण्यात टाकून ठेवा, मापं घेऊन होईपर्यंत खरवड सुटते की नाही ते दोघी मिळून बघा. सुटली तर तीच विचारेल. नाही सुटली तर तो माल त्या कामाचा नाही हे तुम्हालाही कळेल. तिला छोट्या बाटलीत दोन दिवसांपुरतं भरून द्या, त्याचे पैसे घेऊ नका.

एक वही करा. नाव, काय घेतलं, कधी घेतलं, साधारण कधी संपेल. संपायच्या तीन दिवस आधी फोन. माझ्या कामात याहून मोठी युक्ती मला सापडलेली नाही.

आणि कंपनीचं नाव लपवायचं नाही. पहिल्या वाक्यात सांगायचं. मावसबहिणीचा चेहरा उतरला तो धंद्यामुळे नाही. जेवायला म्हणून बोलावलं आणि भलतंच निघालं, म्हणून उतरला. तिच्याकडे एकदा रिकाम्या हाताने जाऊन या.

हिशोबनीस

कृष्णाकाठ यांच्याशी सहमत. मी आकड्यांचं बोलतो.

ताईंनी ६,७०० ची खरेदी केली, परत आले ३१२. पावणेपाच टक्केसुद्धा पुरते नाहीत. बाहेर काही विकलं नसेल तर याला उत्पन्न म्हणता येत नाही, स्वतःच्या खरेदीवर मिळालेली ती सूट आहे. त्यातून जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं, मोबाइलचं रिचार्ज, मीटिंगचा चहा वजा करा. हा हिशोब दर महिन्याच्या शेवटी एका पानावर लिहायचा: किती गेले, किती आले. अपलाइनच्या फळ्यावरचा हिशोब त्यांचा, हा तुमचा.

आता फळ्यावरचा. "तुम्ही फक्त सहा जण आणा, ते सहा-सहा आणतील." सहा, छत्तीस, दोनशे सोळा असं करत दहाव्या पायरीला ६ कोटी ४ लाख माणसं लागतात. अकराव्या पायरीला ३६ कोटी २७ लाख. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख होती, तान्ही बाळं धरून.

पण मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट, जी फळ्यावर असूनही कोणी दाखवत नाही. सहाच्या पटीतलं झाड कुठेही थांबवा. वरच्या एकाखाली सहा आणि त्यांच्याखाली छत्तीस, एकूण त्रेचाळीस माणसं. त्यातली छत्तीस शेवटच्या ओळीत आहेत. शंभरातले त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी. झाड कितीही मोठं करा, हे प्रमाण त्र्याऐंशीच्या खाली येत नाही. त्या लोकांच्या खाली कोणीही नाही, म्हणजे टीमचं एक रुपयाही कमिशन नाही. प्लॅन शंभर टक्के यशस्वी झाला, एकानेही काम सोडलं नाही, तरीसुद्धा. त्यांची कमाई व्हायची असेल तर ती माल विकूनच होणार. म्हणून नवशिक्याने स्वतःला शेवटच्या ओळीतलाच समजून सुरुवात करावी आणि त्या ओळीत उभं राहून पैसे सुटतायत का ते बघावं.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०२४ मध्ये ७० कंपन्यांनी स्वतःच जाहीर केलेले उत्पन्नाचे तक्ते तपासले. बहुतेक लोकांना वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते, आणि बऱ्याच तक्त्यांत खर्च धरलेलाच नव्हता. आकडे तिकडचे आहेत, पण रचना तीच आहे.

कोल्हापूरवाला_७

मी यातून पडलेला माणूस आहे. कंपनीचं नाव घेत नाही.

चार वर्षांपूर्वी कंपनीच्या मालाचं २८,००० चं पॅक घेतलं. बायकोच्या दोन बांगड्या गहाण टाकल्या. ते माझं नुकसान, ते मी सोसलं. पण मी माझ्या चुलतभावाला आणलं. तो एमआयडीसीत कामाला, पगार बेताचा. त्याच्याकडे पैसे नव्हते तर मी त्याला पतसंस्थेत घेऊन गेलो आणि जामीन राहिलो. "सहा महिन्यांत फिटेल, तू बघ" हे वाक्य माझं आहे, आजही कानात आहे. आठव्या महिन्यात कंपनीने प्लॅन बदलला, कमिशनसाठी जमलेले आमचे जुने पॉइंट गेले, अपलाइन दुसऱ्या कंपनीत गेला आणि तिकडे या म्हणून फोन करू लागला.

भावाचे हप्ते मी फेडले. शेवटचा गेल्या मार्चमध्ये गेला. पैसे फिटले तरी तो दिवाळीला आमच्याकडे येत नाही, वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. काकू मधल्या मधे रडतात.

ताई, तुम्ही काम करा, तुम्हाला कोणी अडवत नाही. पण कर्ज काढून कोणाला आणू नका. विशेषतः बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज. आमच्या गल्लीत तीन बायकांनी गटाच्या कर्जातून पॅक घेतलं. हप्त्याच्या दिवशी एकीकडे पैसे नसले की बाकीच्यांना भरावे लागतात. सबंध गल्लीत भांडणं लागली.

सांगली_वकील

कायद्याचं थोडक्यात, कारण नवीन माणसाला हे कोणी सांगत नाही.

मालाच्या विक्रीवर कमिशन देणारी कंपनी बेकायदेशीर नाही. माणसं भरती करण्याबद्दल पैसे देणारी योजना बेकायदेशीर आहे. अशा मनी सर्क्युलेशन योजनांवर १९७८ पासून बंदी आहे, आणि अशी योजना चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "मला वरच्यांनी सांगितलं" म्हणून सुटका होत नाही, भाग घेणाऱ्यालाही शिक्षा आहे.

२८ डिसेंबर २०२१ ला ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियम आले. तुमच्या कामाच्या गोष्टी: आयडी लावायला प्रवेश फी घेता येत नाही. विक्रेत्याशी लेखी करार हवा. कंपनीचं भारतात नोंदणीकृत कार्यालय हवं आणि तक्रार निवारण अधिकारी हवा. विक्रेत्याने ओळखपत्र जवळ ठेवायचं आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कोणाच्या घरी जायचं नाही. बोलायला सुरुवात करतानाच स्वतःची ओळख, कंपनीचं नाव, मालाचं स्वरूप आणि येण्याचा हेतू स्पष्ट सांगायचा. म्हणजे "फोनवर नाव सांगू नकोस" ही शिकवण थेट नियमाविरुद्ध आहे. "तू चार जण आण, तुझी खरेदी वसूल होईल" असं सांगून माल गळ्यात मारायलाही मनाई आहे.

करार काढून वाचा. त्यात कूलिंग-ऑफची (विचार बदलला तर करारातून बाहेर पडायची) मुदत आणि माल परत घेण्याच्या अटी कुठे लिहिल्यात ते बघा. करारच दिला नसेल तर आधी तो मागा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

मिरजेची_शिलाई

सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्हापूरवाले दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. पिन घेत नाही असं ताईंना कळवलं, त्या जरा रागावल्या.

करार ईमेलवर आला होता, मी उघडलाच नव्हता. ओळखपत्र अ‍ॅपवरून काढता येतं हेही आज कळलं.

एक विचारायचंय. शेजारच्या आजींना शुगर आहे. ताई म्हणतात प्रोटीन पावडर आणि ज्यूस सहा महिने दे, गोळ्या बंद होतात, त्यांच्याकडे रिपोर्ट आहेत. आजी घ्यायला तयार आहेत. देऊ का?

औषधवाली_तासगाव

नाही. मी फार्मसिस्ट आहे, काउंटरवर रोज बसते.

हे पूरक अन्न आहे, औषध नाही. डब्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक असतो, तो अन्नासाठी असतो. मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करण्याला १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या एका काकांनी असा ज्यूस सुरू केला आणि गोळ्या स्वतःच थांबवल्या. दीड महिन्याने पायाची जखम घेऊन आले, शुगर चारशेच्या वर. तो ज्यूस देणारा त्यांच्याच नात्यातला आणि खरोखर भल्यासाठी देत होता.

आजींना विकायचंच असेल तर साबण विका. पावडरबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगा, डबा दाखवायला घेऊन जा म्हणावं. काही पावडरींत साखर असते, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर जास्त प्रोटीन चालत नाही.

जिद्द_सोलापूर

मी वेगळं मत मांडते. मी सहा वर्षं करतेय, माझी टीम साठ जणींची आहे. सगळे म्हणतात फक्त माल विका. पण एकटी बाई पिशवी घेऊन किती फिरणार? आजारी पडली की महिना गेला. टीम असेल तर तुम्ही घरी असलात तरी काही येत राहतं. माझ्या मुलाच्या डिप्लोमाची फी टीमच्या कमिशनमधून गेली आहे, हे खरं आहे. मला या कामाने स्टेजवर बोलायला शिकवलं, बँकेत एकटीने जायला शिकवलं. ते कुठल्या हिशोबात धरायचं? म्हणून ताईंनी टीमचा विचारच करू नये हे मला पटत नाही.

कृष्णाकाठ

जिद्द ताई, तुमचं बोलणं मला मान्य आहे. बायकांना यातून आलेलं धाडस मी डोळ्यांनी पाहिलंय. टीम करू नये असं मी म्हणत नाही, टीम कोणातून करायची एवढाच माझा मुद्दा आहे.

माझ्या पद्धतीत, ज्याने निदान तीनदा माल पैसे देऊन घेतलाय आणि आपणहून विचारलंय त्यालाच मी प्लॅन सांगतो. सांगताना माझी स्वतःची बारा महिन्यांची पेआउट स्टेटमेंट समोर ठेवतो, चांगला महिना आणि पडका महिना दोन्ही. गेल्या वर्षी एका महिन्यात मला १,९०० आले होते, तेही दाखवतो. पहिली खरेदी घरात महिन्याभरात संपेल तेवढीच करायला लावतो. आणि त्याची पहिली दहा गिऱ्हाईकं होईपर्यंत मी सोबत जातो. दहा जणांकडे सोबत जायचं म्हणजे महिना जातो हो. म्हणून वर्षाला तीन-चारपेक्षा जास्त माणसं मला घेताच येत नाहीत. माझी टीम लहान आहे, पण पाच वर्षांपूर्वीची माणसं अजून आहेत.

तुमच्या साठातल्या किती जणी स्वतःच्या घराबाहेर माल विकतात?

जिद्द_सोलापूर

प्रामाणिकपणे सांगते, आज वहीत बघितलं. अकरा. बाकीच्या स्वतःपुरतं घेतात, त्यातल्याही निम्म्या थांबल्यात. अकरा जणींचंच कमिशन मुख्य आहे. पुढच्या मीटिंगला प्लॅन न घेता फक्त माल मोजायचं शिकवते. औषधाच्या टोपणाचं वापरू का?

कृष्णाकाठ

अवश्य वापरा.

हिशोबनीस

एक राहिलं होतं. पॅन नंबर नीट जोडलेला असू द्या. कमिशनवर टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) गेला तर तो आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतो. एकूण उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल तर रिटर्न भरून परत मिळतो. पुष्कळ बायका हे पैसे सोडून देतात.

मिरजेची_शिलाई

तीन महिन्यांनी लिहितेय, माफ करा. धागा वर काढते.

तेवीस घरी विचारलं, चौदा जणींनी घेतलं, त्यातल्या नऊ जणींनी दुसऱ्यांदा. एमआरपी आणि डीपी (विक्रेत्याला पडणारा भाव) यांतला फरक धरून पहिल्या महिन्यात ६४० सुटले, दुसऱ्यात १,०८०, तिसऱ्यात १,४७०. तिसऱ्या महिन्यात पेआउट वेगळं ५४०. रिक्षा आणि नमुन्यांच्या बाटल्या मिळून तीन महिन्यांत ३९० गेले. अडीच हजारांचं अजून लांब आहे, पण क्लासची अर्धी फी या पैशातून भरली.

फरशीचं मीही मोजलं. आमचाही बाजारापेक्षा महागच निघाला! भांड्यांचं लिक्विड मात्र फार चाललं. करपलेल्या पातेल्यावर दोनदा सुटलं, एकदा नाही सुटलं. त्या बाईने तरी घेतलं, म्हणाली, तू खोटं बोलली नाहीस. तो दिवस मला फार मोठा वाटला.

मावसबहिणीकडे भाकरीचं पीठ घेऊन गेले, दोन तास बसले, कंपनीचा विषय काढला नाही. येताना तिने गोधडी शिवायला दिली.

आता अडचण अशी. जवळच्या बालवाडीतल्या बाईंना महिन्याला या लिक्विडचे पाच लिटरचे दोन कॅन हवेत, भांडी आणि हात धुवायला. पैसे मात्र महिनाअखेरीस देणार. एका कॅनमागे मला गुंतवायचे साडेसातशे. एवढी उधारी करू का? नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जाईल अशी भीती वाटते.

कृष्णाकाठ

आधी अभिनंदन. नऊ जणी परत आल्या हे फार चांगलं झालं.

उधारीचं: पहिल्या महिन्याला एकच कॅन द्या, बिल करून, त्यावर बाईंची सही घेऊन. दुसरा कॅन पहिल्याचे पैसे हातात आल्यावर. त्यांना तसं आजच सांगा, संस्थेच्या लोकांना या गोष्टीचा राग येत नाही. आणि हात धुवायला भांड्यांचं लिक्विड देऊ नका, मुलांची कातडी नाजूक असते. हॅण्डवॉश वेगळं येत असेल तर त्याची छोटी बाटली आधी वापरायला द्या, आठवडाभराने विचारा.

मिरजेची_शिलाई

हातांचं लक्षातच आलं नव्हतं. उद्या साडेचारला वेळ घेतलीय, तेव्हा दोन्ही सांगते. बिलबुक कुठलं आणू, कार्बनवालं चालेल ना?

हिशोबनीस

चालेल. नंबर छापलेलं घ्या, आणि खालची प्रत फाडू नका.